इंग्लंडमधला घटस्फोट: घर, बचत आणि धंद्याची वाटणी कशी होते

घटस्फोटाची वेळ आली की ‘इंग्लंडमध्ये सगळं निम्मं-निम्मं होतं’ हे वाक्य इथल्या आपल्या मंडळींत हमखास ऐकू येतं. कंपनी ज्याच्या नावावर आहे तो ते ऐकून हादरतो, आणि जिच्या नावावर काहीच नाही ती त्याच भरवशावर स्वस्थ बसते. नुकसान दोघांचंही होतं. मी लहान कंपन्यांचे हिशेब बघतो. कंपनीच्या ताळेबंदात दिसणारा आकडा आणि खरोखर हातात येणारा पैसा यांत किती अंतर असतं, हे घटस्फोटाच्या टेबलावर बसेपर्यंत बहुतेकांना कळलेलं नसतं. म्हणून सगळ्या पायऱ्या क्रमाने लिहितो आहे. हे इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत. आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो कुटुंब कायद्याच्या सॉलिसिटरला दाखवाच.

आधी कायदा काय बघतो ते समजून घ्या

मूळ कायदा आहे मॅट्रिमोनियल कॉजेस अ‍ॅक्ट 1973, आणि त्यातलं कलम 25. निम्मी वाटणी करा असा नियम तिथे नाही. न्यायाधीशाने काय-काय विचारात घ्यायचं याची यादी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांचं हित सर्वांत आधी येतं. मग दोघांचं उत्पन्न आणि कमावण्याची क्षमता, गरजा, जबाबदाऱ्या, वय, लग्न किती वर्षं टिकलं, राहणीमान, आणि दोघांनी संसारात घातलेली भर. घर सांभाळणं आणि मुलं वाढवणं हीसुद्धा भरच धरतात, हे कलमातच लिहिलेलं आहे.

निम्म्याचा विचार आला तो 2000 साली, ‘व्हाइट विरुद्ध व्हाइट’ या निकालातून. सॉमरसेटमधलं शेतकरी जोडपं, तीस वर्षांहून जास्त संसार, दोघंही शेतीत राबलेली. हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं की कमावणारा आणि घर बघणारा यांच्यात भेदभाव करायचा नाही, आणि ठरवलेली वाटणी समानतेच्या कसोटीवर एकदा घासून बघायची. 2006 मध्ये ‘मिलर’ आणि ‘मॅकफार्लेन’ या प्रकरणांत तीन सूत्रं स्पष्ट झाली: गरज, भरपाई आणि वाटा. भरपाई म्हणजे संसारासाठी स्वतःचं करिअर सोडल्यामुळे झालेलं नुकसान. तो मुद्दा क्वचितच लागू होतो. साध्या मध्यमवर्गीय घरात गरजेवरच सगळं ठरतं, कारण दोन घरं चालवायला पैसा पुरतच नाही. मुलं जिच्याकडे जास्त राहतात तिच्या वाट्याला साठ-सत्तर टक्के गेले, तरी ते या कायद्यात न्याय्य असू शकतं.

घटस्फोट आणि पैसा या दोन वेगळ्या फायली आहेत

6 एप्रिल 2022 पासून घटस्फोटासाठी कुणाचा दोष दाखवावा लागत नाही. लग्नाला एक वर्ष झालेलं असलं की अर्ज करता येतो. अर्ज दाखल झाल्यापासून वीस आठवड्यांनी कंडिशनल ऑर्डरसाठी (सशर्त आदेश) अर्ज, ती मिळाल्यावर सहा आठवड्यांनी फायनल ऑर्डर (अंतिम आदेश). हे सगळं ऑनलाइन, बहुतेक वेळा कोर्टात पाऊलही न टाकता होतं. लग्नाचा दाखला लागतो. तो नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं.

फायनल ऑर्डरने लग्न संपतं, पण पैशाचे हक्क संपत नाहीत. ‘वायट विरुद्ध व्हिन्स’ या प्रकरणात घटस्फोट 1992 मध्ये झाला होता. नवरा तेव्हा कफल्लक होता, नंतर त्याने पवनऊर्जेची मोठी कंपनी उभी केली. बायकोने 2011 मध्ये दावा लावला आणि 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो चालू ठेवायला परवानगी दिली. ‘आमचं तोंडी ठरलंय’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावं. कोर्टाने शिक्कामोर्तब केलेला आर्थिक आदेश हातात नसेल, तर दार उघडंच राहतं.

उलट बाजूचा धोकाही आहे. आर्थिक आदेश होण्याआधी फायनल ऑर्डर घेतली आणि दुर्दैवाने जोडीदार गेला, तर विधवा किंवा विधुर म्हणून मिळणारं पेन्शन हातचं जाऊ शकतं. आणि पैशाचा अर्ज न करताच दुसरं लग्न केलंत, तर एकरकमी पैसे आणि मालमत्ता मागायचा हक्क जातो. घटस्फोटाच्या अर्जात आर्थिक मागणीची चौकट असते, तिच्यावर खूण करायला विसरू नका.

बोलणी सुरू होण्याआधी

घर फक्त जोडीदाराच्या नावावर असेल तर लँड रजिस्ट्रीत फॉर्म एचआर1 भरून तुमच्या राहण्याच्या हक्काची नोंद करून घ्या. फी लागत नाही, आणि नोंद झाली की घर तुमच्या नकळत विकणं किंवा गहाण टाकणं फार अवघड होतं. घर दोघांच्या नावावर ‘जॉइंट टेनन्सी’ने असेल तर एक जण गेल्यावर सगळं दुसऱ्याकडे जातं. तसं नको असेल तर ती तोडण्याबद्दल सॉलिसिटरशी बोला.

जोडीदाराची कंपनी असेल तर कंपनीज हाउसच्या (कंपन्यांची सरकारी नोंदणी कचेरी) संकेतस्थळावर नाव टाका. वार्षिक हिशेब, संचालक, भागधारक, बँकेचा बोजा, सगळं फुकट बघता येतं. मागची चार-पाच वर्षं उतरवून घ्या. नफा दरवर्षी चढत होता आणि घरात कुरबुर सुरू झाल्यावर अचानक कोसळला, तर ते इथेच दिसतं.

मात्र जोडीदाराचा लॅपटॉप उघडून, ईमेल वाचून कागद काढू नका. ‘इमरमन’ प्रकरणात 2010 मध्ये अपील कोर्टाने असे कागद परत करायला लावले. मालमत्ता लपवली किंवा भारतात पाठवली जाईल अशी खरी भीती असेल तर कोर्टाकडून ती गोठवता येते. तो रस्ता धरा.

व्हिसा जोडीदारावर अवलंबून असेल तर अर्ज टाकण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. ही गोष्ट पैशाइतकीच तातडीची आहे.

फॉर्म ई: सगळं मांडा, आणि खरं मांडा

सगळ्या प्रक्रियेचा पाया हाच. फॉर्म ई म्हणजे आर्थिक माहितीचा तपशीलवार अर्ज. दोघांनी आपापला भरायचा: घर, बँकेची बारा महिन्यांची स्टेटमेंट्स, पगाराच्या स्लिपा, पेन्शन, कर्जं, कंपनीचे शेवटचे दोन वर्षांचे हिशेब, आणि पुढे लागणारा महिन्याचा खर्च. जगात कुठेही असलेली मालमत्ता यात येते. पुण्यातला फ्लॅट, एनआरई खातं, एलआयसीच्या पॉलिसी, म्युच्युअल फंड, भावाला घर बांधायला दिलेले पैसे, भिशीत अडकलेली रक्कम, सगळं लिहायचं. 500 पौंडांहून जास्त किमतीच्या वैयक्तिक वस्तू वेगळ्या दाखवाव्या लागतात. म्हणजे पाटल्या, तोडे आणि लॉकरमधला राणीहारसुद्धा.

वडिलोपार्जित जमिनीचं काय, हा प्रश्न आपल्याकडे हटकून येतो. सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलेलं असेल तर ते दाखवा, सोबत उताऱ्याचं भाषांतर आणि इतर सहहिस्सेदारांची नावं द्या. चुलते, भाऊ, बहिणी यांच्यासोबतचा न वाटलेला हिस्सा म्हणजे रोकड नव्हे, हे इथल्या न्यायाधीशाला समजावून सांगता येतं. लपवलेलं उघडं पडलं की मात्र तुमच्या बाकी आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. 2015 मध्ये ‘शारलँड’ प्रकरणात नवऱ्याने कंपनी शेअर बाजारात आणायचा बेत कोर्टापासून दडवला होता. ते कळल्यावर सुप्रीम कोर्टाने झालेली तडजोड मोडून बायकोला पुन्हा दाद मागू दिली.

संसाराचं कोणतं आणि आधीचं कोणतं

वाटा मागता येतो तो संसारात जमवलेल्या संपत्तीत. लग्नाआधीची बचत, वारसा, आईवडिलांनी दिलेली भेट ही साधारणपणे बाहेर राहते. 2 जुलै 2025 चा ‘स्टँडिश’ निकाल यासाठी महत्त्वाचा आहे. नवऱ्याने कर वाचवण्याच्या योजनेत सुमारे 7 कोटी 78 लाख पौंडांची गुंतवणूक बायकोच्या नावावर केली होती. पैसा बव्हंशी लग्नाआधीचा. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की वाट्याचं सूत्र फक्त संसाराच्या संपत्तीला लागू आहे, आणि करासाठी नाव बदललं एवढ्यावरून ती संपत्ती दोघांची होत नाही. दोघांनी ती दीर्घकाळ आपली मानून वापरली का, हे बघायचं.

आपल्याकडे ‘टॅक्ससाठी बायकोला शेअर दिले’ असं सर्रास असतं, म्हणून हा निकाल नीट वाचावा. कंपनी लग्नानंतर उभी राहिली असेल तर शेअर कुणाच्या नावावर आहेत याला फारसा अर्थ नाही, ती संसाराचीच. लग्नाआधी सुरू झाली असेल तर लग्नाच्या दिवशीची किंमत वेगळी काढायचा प्रयत्न होतो. राहतं घर बहुधा संसाराचंच धरलं जातं, पैसा कुणाचाही असो. आणि गरज भागत नसेल तर कोर्ट बाहेरच्या संपत्तीलाही हात घालू शकतं. मुलांना छप्पर हवं असताना ‘हे माझ्या वडिलांचे पैसे आहेत’ हा मुद्दा फार काळ टिकत नाही.

धंद्याची किंमत

इथे सावकाश जाऊ. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती. कंपनीच्या खात्यातले 90 हजार पौंड नवऱ्याचे नसतात, त्याचे असतात ते शेअर. 2013 च्या ‘प्रेस्ट विरुद्ध पेट्रोडेल’ निकालात सुप्रीम कोर्टाने कंपनी आणि मालक यांच्यातला हा पडदा उगाच फाडायला नकार दिला. सात घरं बायकोला मिळाली, पण ती घरं कंपन्यांनी नवऱ्याच्या वतीने विश्वस्त म्हणून धरली होती असं निष्पन्न झालं म्हणून.

किंमत ठरवायला दोघांनी मिळून एकच तज्ज्ञ अकाउंटंट नेमायचा. प्रत्येकाने आपापला आणला तर कोर्ट सहसा मान्य करत नाही, आणि फीचा चुराडा होतो. तज्ज्ञाकडून तीन आकडे मागा: शेअरची किंमत, विक्री झाली असं धरून कर वजा जाता उरणारी रक्कम, आणि धंद्याला धक्का न लावता आत्ता किती रोकड काढता येईल. तिसरा आकडा मागायला लोक विसरतात, आणि तडजोड अडते ती त्याच्याचपाशी.

एकट्याने चालवलेल्या आयटी कन्सल्टन्सीत गुडविल, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाची किंमत, जवळजवळ शून्य असते. माणूस उठून गेला की धंदा गेला. तिथे किंमत म्हणजे खात्यातली शिल्लक वजा देणी. आठ-दहा नोकर आणि बांधलेली गिऱ्हाइकं असतील तर नफ्याच्या पटीत किंमत निघते. संचालकाचं कर्ज खातं जरूर बघा. कंपनी संचालकाला पैसे देणं लागत असेल तर ती त्याची करमुक्त मिळकत आहे. त्यानेच कंपनीतून उचल घेतलेली असेल तर ते त्याच्या डोक्यावरचं कर्ज आहे. ताळेबंदातल्या या एका ओळीने हिशेब पन्नास-साठ हजारांनी फिरू शकतो.

आता एक उदाहरण मांडतो. समजा रेडिंगमधलं जोडपं, दोन शाळकरी मुलं. घर 6 लाख पौंडांचं, गृहकर्ज 2 लाख 20 हजार, म्हणजे घरात 3 लाख 80 हजार. लग्नानंतर काढलेली कंपनी नवऱ्याच्या नावावर, कर वजा जाता किंमत 4 लाख 20 हजार. बचत 60 हजार. एकूण 8 लाख 60 हजार, निम्मे 4 लाख 30 हजार.

पहिली सूचना अशी येते: बायकोला घर आणि 50 हजार, नवऱ्याला कंपनी आणि 10 हजार. बेरीज तंतोतंत जुळते, पण संसार दोघांचाही चालत नाही. तिचा पगार वर्षाला 28 हजार. बँक पगाराच्या साडेचार पट धरली तरी 1 लाख 26 हजार देईल, आणि कर्ज आहे 2 लाख 20 हजारांचं. त्याच्याकडे कागदावर चार लाखांची कंपनी, पण भाड्याच्या घराचं डिपॉझिट भरून हात रिकामे.

त्यापेक्षा घर विकून तिला 3 लाख 10 हजार दिले, तर स्वतःच्या कर्जाची भर घालून ती लहानसं घर घेऊ शकते. त्याला 70 हजार, बचतीचे 60 हजार आणि कंपनी. मग त्याने कंपनीच्या नफ्यातून तिला दरवर्षी 30 हजार, असे चार वर्षं द्यायचे. बेरीज पुन्हा 4 लाख 30 हजार आणि 4 लाख 30 हजार. मात्र 30 हजार हातात यायला त्याला कराच्या वरच्या पट्टीत 45 हजारांहून जास्त लाभांश काढावा लागेल, आणि याचा विचार वाटाघाटीत व्हायला हवा. लाभांशावर कर 39.35 टक्क्यांपर्यंत जातो.

अपील कोर्टाने 2002 मध्ये ‘वेल्स विरुद्ध वेल्स’मध्ये हेच सांगितलं: एकाने खात्रीची मालमत्ता घ्यायची आणि दुसऱ्याने सगळी जोखीम, हे न्याय्य नाही. खात्रीचं आणि जोखमीचं दोन्ही दोघांत वाटलं गेलं पाहिजे. त्यामुळे काही वेळा ‘कंपनी विकली तर इतके टक्के तुला’ अशी अट घालतात. जोडीदाराला शेअर देऊन दोघांनी मिळून कंपनी चालवत राहणं मात्र मला कधीच पटलेलं नाही. संचालक मंडळाच्या बैठकीत जुनी भांडणं सुरू राहतात आणि पगार नोकरांचे अडतात.

दुहेरी मोजणी टाळा. नफ्याच्या पटीत किंमत काढली म्हणजे पुढची कमाई एकदा मोजून झाली. त्याच नफ्यातून पुन्हा मोठी पोटगी मागणं म्हणजे गाय विकल्याचे पैसे घेऊन वर रोजचं दूधही मागणं. कोर्टाला ही अडचण माहीत असते, पण ती कुणीतरी पुढे मांडावी लागते.

आणि वैयक्तिक हमी! धंद्याच्या कर्जासाठी बायकोने सही केलेली असते, राहतं घर तारण असतं. ‘कर्ज मी फेडीन’ असं नवऱ्याने कोर्टात लिहून दिलं तरी बँक त्याने बांधली जात नाही. बँकेकडून लेखी मुक्तता मिळेपर्यंत सही करू नका.

कर आणि पेन्शन

6 एप्रिल 2023 पासून वेगळं राहायला लागल्याच्या करवर्षानंतरची तीन करवर्षं संपेपर्यंत एकमेकांच्या नावावर मालमत्ता करताना भांडवली नफ्यावर कर लागत नाही. घटस्फोटाच्या औपचारिक करारानुसार किंवा आदेशानुसार असेल तर मुदतही नाही. पण घेणाऱ्याच्या गळ्यात जुनी खरेदी किंमत पडते. 2005 साली स्वस्तात घेतलेला भाड्याचा फ्लॅट तुम्ही ‘घेतला’ तर पुढे विकताना पूर्ण वाढीवरचा कर तुमचा.

पेन्शन विसरू नका. अनेक घरांत घरानंतरची ती सर्वांत मोठी रक्कम असते. प्रत्येक योजनेकडून सीईटीव्ही, म्हणजे हस्तांतर मूल्य मागवा. एनएचएससारखं सरकारी पेन्शन असेल तर तो आकडा फसवा ठरू शकतो, तेव्हा पेन्शन तज्ज्ञाचा अहवाल घ्या.

तडजोड, नाहीतर कोर्ट

कोर्टात अर्ज करण्याआधी मध्यस्थीची माहिती देणारी ‘मायॅम’ ही बैठक करावी लागते. घरगुती अत्याचार असेल तर त्यातून सूट आहे, आणि उत्पन्नाच्या अटीत बसलात तर लीगल एडही (वकिलासाठी सरकारी मदत) मिळू शकते. बोलण्यातून जमलं तर वकिलाकडून कन्सेंट ऑर्डर (संमतीचा आदेश) लिहून घ्या, सोबत दोघांच्या आर्थिक स्थितीचा गोषवारा देणारा फॉर्म डी81 जोडा. न्यायाधीश आकडे बघून आदेश मंजूर करतो, आणि एकतर्फी वाटला तर प्रश्न विचारतो.

नाही जमलं तर फॉर्म ए, म्हणजे आर्थिक आदेशासाठी कोर्टात अर्ज. मग पहिली तारीख, दुसरी एफडीआर (तडजोडीसाठीची सुनावणी), तिसरी अंतिम सुनावणी. एफडीआरला न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकून आपण काय निकाल दिला असता ते मोकळेपणाने सांगतो, आणि अंतिम सुनावणी दुसऱ्याकडे जाते. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात, तेव्हा त्या दिवशी तयारीने जा. वकिलाचा खर्च साधारणपणे ज्याचा त्याने सोसायचा असतो. दोघांची बिलं त्याच एका पातेल्यातून निघतात.

भारताचा धागा

पुण्यातल्या फ्लॅटबद्दल इथलं कोर्ट व्यक्तीला आदेश देऊ शकतं, पण नाव बदलायला तिथे नोंदणीकृत दस्त, मुद्रांक शुल्क आणि सोसायटीचं भागपत्र लागेलच. म्हणून जमल्यास इंग्लंडमधली मालमत्ता एकाला जास्त आणि भारतातली दुसऱ्याला, अशी वाटणी सोपी पडते.

भारताच्या सुप्रीम कोर्टाने 1991 मध्ये ‘नरसिंह राव’ प्रकरणात सांगितलं की ज्या कायद्याने लग्न झालं त्यात नसलेल्या कारणावरचा परदेशी घटस्फोट एकतर्फी असेल तर मानायचा नाही. इथला घटस्फोट आता कुठल्याही दोषाशिवाय होतो. त्यामुळे जोडीदाराचा सहभाग आणि संमती कागदावर असेल तर पुढे भारतात अडचण कमी येते. उलट, भारतात घटस्फोट होऊन तिथे अगदीच तुटपुंजं मिळालं असेल आणि इंग्लंडशी पुरेसा संबंध असेल, तर 1984 च्या मॅट्रिमोनियल अँड फॅमिली प्रोसीडिंग्ज अ‍ॅक्टच्या तिसऱ्या भागाखाली कोर्टाची परवानगी घेऊन इथे आर्थिक दावा करता येतो.

आदेश मिळाल्यावर

पेन्शन वाटणीच्या आदेशाची परिशिष्टं योजनेकडे पाठवली गेली आहेत ना, हे बघा. घराचं नाव लँड रजिस्ट्रीत आणि संचालक-भागधारकांतले बदल कंपनीज हाउसमध्ये नोंदवा. कंपनीच्या बँक खात्यावरची जुनी सही काढा. नवं मृत्युपत्र करा, पेन्शन आणि विम्यावरचे नॉमिनी बदला. हप्त्याने रक्कम ठरली असेल तर प्रत्येक हप्त्याची तारीख आणि चुकल्यास लागणारं व्याज आदेशात आहे ना, हे शिक्का बसण्याआधीच वकिलाकडून तपासून घ्या.